डॉक्टर व्हायचं राहून गेलं, मग?

नीटचा स्कोअर कमी आला की काका-मामांपैकी कुणीतरी सुचवतंच, ‘अगं, मग ते नॅचरोपॅथीचं बघ ना!’ बघायचं तर काय बघायचं? निसर्गोपचाराचा डॉक्टर नेमका कसा घडतो? महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतून निघून उरुळी कांचन नावाच्या खेड्यात जाऊन थांबलेल्या एका वाटेची ही गोष्ट. या वाटेवरच्या माणसाला डॉक्टर व्हायचं होतं. घरच्यांनी होऊ दिलं नाही.

महाबळेश्वरला तुम्ही गेलाच असाल. वेण्णा लेकवर बोट, आर्थर सीटला भन्नाट वाऱ्यात केस सांभाळत काढलेले फोटो, स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि येताना आईने सांगितलेले चणे. या यादीत मोरारजी कॅसल बहुतेक नसतं. १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या बंगल्यात एक पंच्याहत्तरीतला पाहुणा राहायला होता. युरोपात जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा तो इथेच होता. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९४४ मध्ये, तो खाली पाचगणीला ‘दिलखुशा’ बंगल्यात राहून गेला होता. जून १९४५ मध्ये पुन्हा पाचगणी.

हो, गांधीजीच. आता तुम्ही म्हणाल, हा राजकारणाचा, फार तर इतिहासाच्या पेपरचा विषय झाला, यात डॉक्टर कुठून आला? तर त्यासाठी थोडं मागे जाऊ.

‘मेडिकलला का नको?’

१८८८ साल. मोहनदास मॅट्रिक होऊन भावनगरच्या कॉलेजात जातोय, अभ्यास डोक्यावरून जातोय. घरोब्याचे मावजी दवे सांगतात, पोराला विलायतेला पाठवा, बॅरिस्टर करा. पोरगा एकदम विचारतो, मला डॉक्टरीला नाही का पाठवता येणार? त्यावर थोरल्या भावाचं उत्तर असं, की वडिलांना ते आवडत नसे. आपण वैष्णव. मढी फाडणं आपलं काम नव्हे.

विषय संपला. हा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहिलाय, फार दुःख न करता, दोन-चार वाक्यांत. पण पुढची पन्नास-साठ वर्षं पाहिली की कळतं, ती हौस काही गेली नाही. दारातून नाही म्हटल्यावर ती खिडकीतून आली.

दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात असताना हा माणूस रोज सकाळी एक-दोन तास एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडरचं काम करायचा. रुग्णांची तक्रार ऐकायची, डॉक्टरांना सांगायची, औषध बांधून द्यायचं. धाकटा मुलगा देवदास १९०० मध्ये जन्मला तेव्हा बाळंतपण त्यांनी स्वतः केलं, कारण सुईण वेळेवर मिळाली नाही. तयारी? डॉ. त्रिभुवनदासांचं ‘माने शिखामण’ नावाचं गुजराती पुस्तक वाचून ठेवलं होतं. आज कुणी यूट्यूब बघून बाळंतपण केलं तर आपण त्याला काय म्हणू, ते तुम्हीच ठरवा.

निसर्गोपचार त्यांच्या आयुष्यात आला तो मात्र तत्त्वज्ञान म्हणून नाही. बद्धकोष्ठामुळे आला! पोट साफ नाही, डोकं दुखतंय, रोज सारक औषध घ्यावं लागतंय. आधी त्यांनी सकाळचा नाश्ता बंद करून पाहिला. मग कुणीतरी ॲडॉल्फ जुस्ट या जर्मन माणसाचं ‘निसर्गाकडे परत’ अशा अर्थाचं पुस्तक हातात दिलं. त्यात मातीचे उपचार होते. स्वच्छ काळी माती थंड पाण्यात भिजवायची, पातळ कापडावर पसरायची आणि रात्री पोटावर बांधून झोपायचं. त्यांना गुण आला. झालं, डॉक्टरी सुरू.

या डॉक्टरीची खरी परीक्षा घरातच झाली. १९०२ च्या सुमाराला मुंबईत दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने आडवा झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टर म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधीजींनी ते नाकारलं. कूने या जर्मन उपचारकाच्या पद्धतीने कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस, ताप १०४ वर गेल्यावर ओल्या चादरीत गुंडाळणं. पोराला तसं गुंडाळून, बायकोवर सोपवून ते चौपाटीवर चालायला निघून गेले, जीव मुठीत धरून. परत आले तेव्हा पोराला घाम फुटला होता, ताप उतरत होता.

पोरगा वाचला. पण याच प्रसंगाबद्दल पुढे ते लिहितात, की तो देवाच्या कृपेने वाचला, पाण्याच्या उपचाराने की पथ्याने, हे कुणी सांगावं? मला हे वाक्य त्या सगळ्या चादरी-कटिस्नानापेक्षा महत्त्वाचं वाटतं. निसर्गोपचाराच्या जाहिरातींमध्ये आज असा प्रश्न दिसतो का बघा. ‘शंभर टक्के गुण’ दिसतो.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गला प्लेग आला. एका रिकाम्या गोदामात तेवीस रुग्ण. डॉ. गॉडफ्रे त्यांना ब्रँडी देत होते. गांधीजींनी त्यांची परवानगी घेऊन तिघांवर मातीचा प्रयोग केला, दोघं वाचले. उरलेले त्याच गोदामात गेले. तीन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे स्टॅटिस्टिक्सचा पहिला धडा शिकलेला कुणीही सांगेल. पण तेव्हा प्लेगवर डॉक्टरांकडे तरी काय होतं?

हवा हेच औषध होतं तेव्हा

हा ‘तेव्हा’ समजून घ्यायचा तर पुन्हा आपल्या घाटात यायला हवं. पसरणीचा घाट चढून आपण आज जातो ते मजा करायला. पूर्वी लोक जायचे ते बरं व्हायला. जनरल लॉडविक १८२४ मध्ये हा डोंगर चढून गेला, पाठोपाठ गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८-२९ च्या सुमाराला इथे आजारी गोऱ्यांसाठी विश्रांतीची जागा वसवली. माल्कम पेठ हे नाव तिथलंच. म्हणजे महाबळेश्वर हे हिल स्टेशन व्हायच्या आधीपासून आरोग्यधाम आहे. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट, धूळ नाही, उकाडा नाही. ‘हवापालट’ हा आपल्या आजीच्या तोंडचा शब्द म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं प्रिस्क्रिप्शन होतं.

क्षयरोग्यांसाठी तर दुसरा इलाजच नव्हता. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम काढलं. खाली सांगली जिल्ह्यात मिरजेलाही वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. उपचार काय, तर मोकळी हवा, ऊन, पूर्ण विश्रांती, सकस आहार. आजच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध निसर्गोपचार, आणि देणारे ॲलोपॅथीचे डॉक्टर!

मग १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्यामागोमाग आणखी औषधं आली आणि जगभरातली क्षयाची सॅनेटोरियमं हळूहळू रिकामी झाली. हवा तीच होती, डोंगर तेच होते. गोळी जास्त चांगली निघाली, इतकंच.

गांधीजी पाचगणीला आले ते नेमके या सांध्यावर. त्याच सुमारास त्यांच्या घरातही हा प्रश्न उभा राहिला होता.

दोन इंजेक्शनं, एक ऑपरेशन

फेब्रुवारी १९४४. पुण्याचा आगाखान पॅलेस, नजरकैद. कस्तुरबा शेवटच्या आजारात. पुण्यातले पारशी निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशॉ मेहता यांना उपचारासाठी बोलावलं होतं. सोबत डॉ. सुशीला नायर, म्हणजे रीतसर एम.बी.बी.एस. डॉक्टर, होत्याच. देवदासने धडपड करून पेनिसिलिन मिळवलं. ते तेव्हा अगदी दुर्मीळ होतं. पण ते दर काही तासांनी टोचून द्यावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावलं, आता तिला त्रास नको. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का, हे आज सांगता येणार नाही. फार उशीर झाला होता, हेही खरं.

काही आठवड्यांनी गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांनी क्विनाइन घेतलं. त्याच्या वीस वर्षं आधी, जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना ॲपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा ससून हॉस्पिटलात कर्नल मॅडॉककडून ऑपरेशनही करून घेतलं होतं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि बाकीचं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरी पेशावर सपासप आसूड ओढणारा माणूस हाच!

यावरून त्यांना ढोंगी म्हणणारे लोक आहेत. इंटरनेटवर या विषयावरून होणारी भांडणं तुम्ही पाहिली असतील. मला यात ढोंगापेक्षा अस्वस्थता दिसते. ज्याला आपल्या पद्धतीवर श्रद्धा आहे, पण ती सगळीकडे पुरत नाही हेही दिसतंय, अशा माणसाची. तुम्ही उद्या या पेशात आलात तर ही अस्वस्थता तुमच्या टेबलावर रोज येऊन बसणार आहे. समोरच्याची शुगर चारशे असेल, आणि तो म्हणेल, ‘डॉक्टर, इन्सुलिन बंद करा, तुमच्याकडे त्यासाठीच आलोय.’ तेव्हा काय सांगायचं?

कैदेत असतानाच, १९४२ मध्ये, त्यांनी आरोग्यावरचं एक छोटं पुस्तक लिहून पूर्ण केलं होतं. ‘आरोग्याची किल्ली’. त्यात माती, पाणी, आकाश, तेज, वायू अशी मांडणी आहे. आकाराने एवढंसं, पण तपशील बघा. मातीची पट्टी तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड. खत घातलेल्या शेतातली माती नको. शंका असेल तर भाजून घ्या, म्हणजे निर्जंतुक होईल. सेवाग्रामात विंचू चावलेल्यांना माती लावली त्याबद्दल म्हणतात, कुठलाच उपाय हमखास नाही, माती इतर उपायांपेक्षा कमी ठरली नाही एवढंच. एखाद्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये शोभावं असं लिखाण.

ताडीवाला रोड ते उरुळी

सुटका झाली ६ मे १९४४ ला. मग जुहू, मग पुण्यात स्टेशनजवळ ताडीवाला रोडवरचं डॉ. मेहतांचं नेचर क्युअर क्लिनिक, मग पाचगणी. पुढच्या वर्षी महाबळेश्वर, पुन्हा पाचगणी, सिमल्याची राजकीय परिषद, आणि ऑगस्टपासून पुन्हा मेहतांचं क्लिनिक. या वेळी रुग्ण होते सरदार पटेल, तुरुंगात पोट बिघडलेलं. गांधीजी त्यांच्यासोबत तिथेच मुक्काम ठोकून राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ ला त्या क्लिनिकचा अखिल भारतीय ट्रस्ट झाला आणि गांधीजी त्याचे आजीव अध्यक्ष. देशात १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात, त्याचं कारण हे.

इथे गोष्ट संपली असती तर ती श्रीमंतांच्या आरोग्याची गोष्ट झाली असती. बंगला, थंड हवा, नामवंत रुग्ण. पण १९४६ उजाडता उजाडता त्यांच्या लक्षात आलं, की पुण्यासारख्या शहरात दवाखाना काढून तो गरिबांचा होईल ही कल्पनाच चुकीची होती. गरीब इथे येणार कसे, राहणार कुठे, खाणार काय? हे त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिकात जाहीरपणे लिहिलं. दवाखाना खेड्यात हवा, आणि खेड्यात मिळेल त्याच वस्तूंवर चालायला हवा.

२२ मार्च १९४६. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्याला, उरुळी कांचन. शहात्तर वर्षांचा डॉक्टर अखेर ओपीडीत बसला. पहिल्याच दिवशी तीसेक रुग्ण आले. पाच-सहा जणांना त्यांनी स्वतः तपासलं. सगळ्यांना साधारण एकच सांगणं. ऊन घ्या, अंग चोळा, कटिस्नान घ्या, दूध-ताक-फळं आणि भरपूर पाणी, आणि रामनाम. रामनामावर तुमच्यातल्या काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. त्यांच्या लेखी ते सगळ्यात मोठं औषध होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मी ते श्रद्धेच्या रकान्यात टाकते, औषधाच्या नाही.

ओपीडी किती दिवस चालली? जेमतेम आठवडाभर. महिनाअखेरीस कॅबिनेट मिशनशी बोलायला दिल्लीला जावं लागलं. पन्नास-साठ वर्षं मनात ठेवलेल्या पेशात प्रत्यक्ष खुर्चीवर बसायला मिळाले ते एवढेच दिवस.

मागे राहिला पंचविशीतला एक पोरगा. मणिभाई देसाई, सुरतेकडचा, विज्ञानाचा पदवीधर, बेचाळीसच्या आंदोलनात उतरलेला. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली, निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे हेही इथेच आले. ते स्वतः क्षयाचे रुग्ण होते, निसर्गोपचाराने सावरले आणि पुढे अनेक वर्षं आश्रम सांभाळला. रुग्ण म्हणून आत यायचं आणि उपचारक होऊन राहायचं, ही या पेशातली जुनीच रीत आहे. गांधीजी काय, पोटाच्या तक्रारीतूनच आले ना?

मणिभाईंचं मात्र वेगळं झालं, आणि या सगळ्या गोष्टीत मला ते सर्वांत जास्त आवडतं. गावात दूध प्या म्हणून सांगायचं, तर दूध आहे कुठे? फळं खा म्हणायचं, तर बाग कुठाय? त्यांनी गाईंचा अभ्यास सुरू केला, शेती केली, गावात शाळा काढली. १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली, जी आज दुभती जनावरं, पाणी, फळझाडं यांवर अनेक राज्यांत काम करते. १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मातीची पट्टी बांधायला बसवलेला माणूस गाईंच्या संकरित पैदाशीपर्यंत पोहोचला. आहार हेच औषध म्हणत असाल तर तो आहार पिकवायचाही डॉक्टरने, असा सरळ हिशेब.

मग ॲडमिशन घ्यायची का?

आता आपल्याकडे येऊ. ‘आयुष’मधला ‘य’ योगासोबत निसर्गोपचाराचाही असतो. यातली पदवी म्हणजे बी.एन.वाय.एस. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. ज्यांना वाटतं, हा सोपा कोर्स आहे, नुसती योगासनं आणि काकडीचा रस, त्यांनी पहिल्या वर्षाचं टाइमटेबल मागवून बघावं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पुढे पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, आणि त्यासोबत जलोपचार, उपवास, आहार, मसाज, योग. आणि हो, ॲनाटॉमी आहे म्हणजे शवविच्छेदन आलंच. ज्याच्यासाठी मोहनदासला नाही म्हटलं होतं, तेच पहिल्याच वर्षी टेबलावर.

कर्नाटकात धर्मस्थळजवळच्या उजिरे इथलं कॉलेज १९८९ पासूनचं, आणि महाराष्ट्रातली अनेक मुलं शेजारच्या राज्याचाच रस्ता धरतात. पुण्यात डॉ. मेहतांच्या क्लिनिकची ती वास्तू, बापू भवन, १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. तिथे उपचार सहायकांसाठी एक वर्षाचा कोर्स आहे, पण त्याने तुम्ही डॉक्टर होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पुण्यातच येवलेवाडीत याच संस्थेचं २५० खाटांचं ‘निसर्ग ग्राम’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसते. भारतीय वैद्यकपद्धतींसाठी २०२० मध्ये जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत. निसर्गोपचार नाही. त्यामुळे देशभर एकच नियम, एकच नोंदणी असं चित्र नाही, राज्याराज्यांत फरक आहे. म्हणून फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. कॉलेज कुठल्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे? आणि ज्या राज्यात प्रॅक्टिस करायची तिथे या पदवीची नोंदणी होते का? सहा महिन्यांत घरबसल्या ‘नॅचरोपॅथी डॉक्टर’ करून देणाऱ्या जाहिराती आल्या तर पुढे सरका.

नोकऱ्या? आहेत. वेलनेस रिसॉर्टमध्ये आहेत, हिल स्टेशनांवर आहेत. डोंगराकडे तोंड केलेली खोली, मड बाथ, डिटॉक्स पॅकेज, दर दिवसावर. त्यात वाईट काही नाही, डॉक्टरलाही घरभाडं भरावं लागतं. पण मुलाखतीला जाताना एकदा उरुळीला उतरून पाहा. पुण्याहून सोलापूर लाइनवरची गाडी धरली की स्टेशनचं नावच उरुळी आहे. आश्रम अजून चालू आहे. रुग्णांच्या ताटात काय वाढलंय ते बघा, तिथल्या डॉक्टरांना विचारा, की बीपीची गोळी चालू असलेला रुग्ण आला तर तुम्ही ती गोळी कधी, कशी आणि कुणाला विचारून कमी करता. उत्तर देताना ते किती वेळ घेतात, त्याकडेही लक्ष ठेवा.